आत्याच्या गाडीचा चिमटा

आमच्या गावात एकाच हंगामात दोन जुन्या मोटारसायकलींचे चिमटे बदलले. एका गाडीला हार घालून मिरवणुकीच्या पुढं काढलं. दुसरीकडं बघून लोक म्हणाले, ही रस्त्यावर आली तर कुणाचा तरी जीव घेईल. दोन्ही कामं एकाच गॅरेजात, एकाच लेथवर झाली आणि दोन्ही वेळा माझेच हात काळे झाले. त्यामुळं या विषयावर बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

चिमटा म्हणजे मोटारसायकलचं पुढचं चाक धरणारे दोन पाईप आणि त्या पाइपांना वर आणि मध्ये आवळून धरणाऱ्या दोन जाड पट्ट्या. या पट्ट्यांना गॅरेजात टी म्हणतात. हँडल वळवलं की हे सगळं एकत्र वळतं. मी बीडच्या ज्या गॅरेजात कामाला होतो तिथं जुन्याच गाड्या जास्त यायच्या. नव्या गाड्या शोरूमला जातात. ज्यांचे पार्ट आता कुठंच मिळत नाहीत, त्या आमच्या दारात. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. मी डिप्लोमा अर्ध्यावर सोडून त्यांच्या हाताखाली लागलो होतो. संध्याकाळच्या गाडीनं गावी परतायचो आणि जेवण झालं की लिहीत बसायचो. गाव नेकनूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत.

लिहायची खोड घरातूनच आली. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे नाना म्हणतात, आयुष्यभर पत्रकं काढत आले. रेशनच्या मापाबद्दल, रोजगार हमीच्या हजेरीबद्दल, गायरान कुणी दाबलं त्याबद्दल. छापून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले. शाळेत जायच्या आधीच मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बाईंनी फळ्यावर 'बदक' लिहिलं तेव्हा मात्र अडखळलो. तो शब्द आमच्या घरात कधी छापला गेला नव्हता.

पहिली गाडी आप्पांच्या पुतण्याची. आप्पा म्हणजे आमच्या गावातले मोठे जमीनवाले, पुढारी आणि शेळ्यांचे व्यापारी, सगळं एकाच माणसात. त्यांच्या पुतण्यानं कुठूनतरी एक जुनी बुलेट आणली आणि तिचं पुढचं चाक लांब पुढं गेलं पाहिजे म्हणून हट्ट धरला. त्यासाठी चिमट्याचे पाईप वाढवावे लागतात. पाईप वाढले की गाडीचं तोंड वर होतं, चाक दूर पळतं, आणि बसणारा माणूस मागं रेलून हात वर ताणून बसतो. बघायला रुबाबदार. पण हळू चालवताना हँडल स्वतःच्याच वजनानं एका बाजूला पडतं, आणि वळायला गाडीला अख्खं पटांगण लागतं.

उस्तादांनी त्याला स्वच्छ सांगितलं, "सरळ जाईल. वळणार न्हाई."

"वळायचंय कुणाला बे," तो मला डोळा मारत म्हणाला. "मिरवायचंय."

आप्पांच्या वाढदिवसाला ती गाडी सगळ्यात पुढं होती. मागं झेंडे, डीजे, पोरांची झुंबड. मारुतीच्या देवळापाशी आमचा रस्ता डावीकडं काटकोनात वळतो. तिथं गाडी वळली नाही. ती सरळ केळीवाल्याच्या हातगाडीत घुसली. केळीवाल्याचा पाय चाकाखाली आला. मिरवणूक थोडी थांबली. मग कुणीतरी केळीवाल्याला विचारलं, "वळणावर गाडा कावून लावला?" हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी अडवलं नाही. केळीवाला लंगडत बाजूला झाला, त्यानं स्वतःच केळी गोळा केली आणि डीजे पुन्हा सुरू झाला. बुलेटला चार पोरांनी उचलून वळवलं, शब्दशः उचलून, आणि तिचा हार नीट केला.

त्या आठवड्यात नानांनी पत्रक काढलं. त्यातलं मधलं वाक्य जाड ठशात होतं: कारखान्यातून जशी निघाली तशीच गाडी रस्त्यावर आली पाहिजे, चिमटा बदललेली एकही गाडी चालू देऊ नका. प्रूफ मीच तपासलं. वाक्य मला आवडलं. केळीवाल्याचा सुजलेला पाय मी डोळ्यांनी बघितला होता.

दुसरी गाडी आत्याची.

आत्या ही नानांची थोरली बहीण. ती गावातल्या गावातच दिलेली. शेळ्या राखायचं काम तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिचे यजमान, आमचे मामा, दोन सालांमागं गेले. मागं शेळ्या राहिल्या आणि मामांची जुनी मोटारसायकल. या गाडीच्या डाव्या अंगाला मामांनी स्वतः अँगल जोडून एक तिसरं चाक लावलं होतं आणि त्यावर फळ्यांचा एक चौकोनी खोका बसवला होता. त्यात करडं, बोकड, पाल्याचे भारे असं सगळं जायचं. मामा त्या खोक्याला पाळणा म्हणायचे. बाजाराच्या दिवशी पाळण्यात बोकड उभे करून ते नेकनूरला जायचे आणि चार व्यापाऱ्यांना दाखवून विकायचे.

मामा गेल्यावर आत्याला बाजार बंद झाला. आप्पा दारात यायचे, बाभळीच्या सावलीला उभं राहून बोकडाच्या पाठीवर एक थाप मारायचे आणि भाव सांगायचे. सांगायचे म्हणजे ऐकवायचे. पटला नाही तर बाजार मोकळा आहे, घेऊन जा, असंही म्हणायचे. बाजारात न्यायला गावात टेम्पो एकच, आणि तोही आप्पांचाच. बाजाराच्या दिवशी तो नेमका कुठंतरी गेलेला असायचा. आत्याच्या दारातून बोकड स्वस्तात जायचा आणि तोच बोकड नेकनूरच्या बाजारात आप्पांच्या दावणीला महाग उभा राहायचा. सगळ्या गावाला हे माहीत होतं. याला कुणी लूट म्हणत नव्हतं. याला आप्पांनी बाईमाणसाला केलेली मदत म्हणत.

एक दिवस आत्या आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "मामाची गाडी मी चालवणार हाय."

मी म्हणालो, "मी आणून देतो की बोकड बाजारात."

"तू बीडला जातूस. आणि तू उद्या पुन्याला गेलास तर? मला हँडल हलकं करून दे. बाकी माझं मी बघती."

तिचा उजवा खांदा अधू होता. शेळ्यांना शेंगा पाडताना बाभळीवरून पडली तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. मामांची गाडी तिनं गायरानात चालवून बघितली होती. सरळ जायची. वळवताना मात्र दोन्ही हातांनी जातं ओढावं तसं ओढावं लागायचं आणि खांदा रात्रभर ठणकायचा. मामा अंगानं दांडगे, त्यांना ते जाणवलंच नव्हतं.

हँडल जड का होतं, ते सांगतो. सायकल आठवा. तिची सीट धरून नुसती पुढं ढकलली तरी हँडल सरळ राहतं. कारण चिमटा ज्या दांड्याभोवती वळतो त्याची तिरकी रेष मनातल्या मनात खाली वाढवली, तर ती जमिनीला जिथं टेकते त्याच्या जरासं मागं चाक टेकलेलं असतं. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागं ओढलं जातं, आणि ओढली जाणारी वस्तू सरळ राहते, दाव्यानं ओढलेल्या करडासारखी. दोन चाकांच्या गाडीला हे अंतर हवंच, नाहीतर ती चालवता यायची नाही. पण शेजारी तिसरं चाक आलं की गाडी आपली आपण उभी असते आणि तेच अंतर आडवं येतं. आपण वळवायला जातो, चाक सरळ राहायला बघतं. पुतण्याच्या गाडीत पाईप वाढवून हेच अंतर आणखी वाढलं होतं. आत्याच्या गाडीत ते कमी करायचं होतं. भाग तोच, काम नेमकं उलटं. एकाला दिसायचं होतं, एकीला वळायचं होतं.

मी गाडी उस्तादांकडं नेली. जाड पोलादी पत्र्यातून आम्ही नव्या दोन टी कापल्या आणि पाइपांची भोकं मूळच्यापेक्षा दोन बोटं पुढं पाडली. पाईप तेच, चाक तेच, फक्त दोन बोटं पुढं उभं. पहिली जोडी फुकट गेली, भोकं एका रेषेत आली नाहीत आणि चाक तिरकं बसलं. दुसरी बसली. आता उलटी अडचण आली. हँडल इतकं हलकं झालं की खडीवर थरथरायला लागलं. या जुन्या गाड्यांच्या हँडलच्या बरोबर मध्ये एक मोठी चक्री असते. ती आवळली की आतल्या चकत्या एकमेकींना घासतात आणि हँडलची थरथर मरते. मामांच्या गाडीवर त्या चक्रीचा उपयोग एकच होता, तिच्यावर पिशवी अडकवायची. आम्ही आतल्या चकत्या नव्या टाकल्या, चक्री आवळली आणि थरथर थांबली.

उस्ताद मला म्हणाले, "आत्याला सांग, पाळणा रिकामा ठेवून डावीकडं जोरात वळू नको. उचलंल."

नाना त्या दिवसांत एका बैठकीसाठी धर्मापुरीकडं गेलते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

गाडी गावात आणली तेव्हा आत्यानं चाकापुढं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि पदर खोचून सीटकडं वळली. एवढ्यात आप्पा पुढं झाले. आमच्याकडं ट्रॅक्टर घ्या, मळणीयंत्र घ्या, पहिला फेरा मानाच्या गड्यानं मारायचा असतो. गाडी बाईची असली तरी. खरं तर बाईची असली की जास्तच.

"थांबा आक्का," आप्पा म्हणाले. "गडीमाणसाला आदी बघू द्या चालवून. काय केलंय पोरानं, देव जाणे."

"मीच बसती की आप्पा."

"पडलात तर गाव आमालाच बोलंल."

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हणालो की पाळणा रिकामा आहे, डावीकडं जपून. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी जन्मायच्या आधीपासून ते मोटारसायकल चालवत होते, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

मारुतीच्या वळणावर त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर दोन चाकांवर केलं होतं. अंग डावीकडं टाकलं आणि गाडी वळायची वाट बघितली. तिसरं चाक असलेली गाडी अंग टाकून वळत नाही, हँडल फिरवूनच वळवावी लागते. गाडी सरळ जायला लागली तसं त्यांनी घाबरून हँडल ओढलं. हलकं हँडल एका झटक्यात वळलं, रिकामा पाळणा हवेत उचलला गेला, आप्पांनी हात सोडले आणि गाडी उजवीकडच्या नालीत जाऊन बसली. आप्पांना काही झालं नाही. पांढरी विजार तेवढी नालीच्या रंगाची झाली.

वर येऊन ते म्हणाले, "चिमट्यात खोट हाय."

बस, एवढं पुरलं. केळीवाल्याला उडवलं तेव्हा खोट हातगाडीत होती. आप्पा नालीत पडले तेव्हा खोट चिमट्यात होती. दोन्ही वेळा वळण तेच. चालवणाऱ्यात खोट असू शकते, हे दोन्ही वेळा कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण दोन्ही वेळा चालवणारे एकाच घरचे.

नाना परत आले त्या संध्याकाळी पारावर आप्पांनी खिशातून नानांचंच पत्रक काढलं. घडी नीट ठेवलेली होती. एरवी नानांच्या पत्रकात ते भजी गुंडाळायचे.

"नाना, हे तुमीच छापलंय न्हव? जाड अक्षरातलं तेवढं वाचून दाखवा. मला चष्मा न्हाई."

नानांनी वाचलं. आवाज जरासुद्धा कमी केला नाही.

"मग आक्काच्या गाडीचं काय?"

"चिमटा बदललाय का तिचा?" नानांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मग ती यात येती," नाना म्हणाले.

लोक हसले. आप्पांनी पत्रकाची घडी घालून परत खिशात ठेवली आणि म्हणाले, बाजाराच्या रस्त्यावर पोलीस असतो, त्यालाबी एक देऊन ठेवतो.

घरी आल्यावर मी नानांवर इतका चिडलो की ताट सरकवलं. "आप्पाच्या पुतण्याला आणि आत्याला एकच वाक्य लावता तुमी?"

"नियम मानूस बघून करायचा असतो का?"

"काम बघून तरी करायचा असतो. त्यानं मिरवायला केलं. तिनं पोटासाठी केलं."

"हे तू म्हनतूस. उद्या आप्पाबी म्हनल, माझं काम येगळं हाय. तवा काय सांगशील? ज्यानं त्यानं आपलं काम सांगायचं आन्‌ सूट घ्यायची, याच्याच तर इरोधात छापत आलो मी."

ज्या शब्दांवर मी वाढलो त्यांना असं बोथट होताना मी पहिल्यांदा बघत होतो. पत्रक लिहिलं केळीवाल्यासाठी, आणि ते जाऊन बसलं आप्पांच्या खिशात. नियम सगळ्यांना सारखा, हे म्हणायला सोपं आहे. पण नियम काढून दाखवायला खिसा आप्पांचा, पोलिसाला सांगायला तोंड आप्पांचं, आणि अडवायची ती गाडी आत्याची. यात सारखं काय होतं?

आत्या आमच्याकडंच आली होती, चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "झालं का बापलेकांचं? झालं असंल तर शेळ्यास्नी पाला टाका."

दुसऱ्या दिवसापासून ती गायरानात गाडी फिरवायला लागली. तिनं कधी दोन चाकांची गाडी चालवली नव्हती, लहानपणी बैलगाडी हाकली होती. त्यामुळं अंग टाकायची सवय तिला नव्हतीच. वळायचं तर ती हँडल फिरवायची. तरी सुरुवातीला दोनदा बोरीच्या जाळीत घुसली आणि काटे काढत बसली. डावीकडं वळताना पाळणा उचलायला लागला की ओरडायची, "उलार होती बघ ही." मागं जड होऊन पुढून उचलणाऱ्या बैलगाडीला आम्ही उलार म्हणतो. तिच्यासाठी ही गाडी मागं नाही, बाजूला उलार होत होती. तिनं घरातला वाटायचा पाटा आणून पाळण्यात ठेवला आणि गाडी जमिनीला बसली. मिरच्या आठवडाभर शेजारी वाटल्या. खांदा दुखत होता का, असं विचारलं तर म्हणाली, "दुखतोय. पन झोप लागती."

बाजाराच्या दिवशी नाना पहाटेच्या एसटीनं पुढं निघाले. खांद्याला पत्रकांची पिशवी.

मी म्हणालो, "आजच्या दिवस वाटू नका."

"आजच कावून नको?"

"तुमाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हनूनच वाटतो," नाना म्हणाले आणि गेले.

आत्यानं पाटा घरीच ठेवला. पाळण्यात बोकड उभे होते, वजन भरपूर होतं. मी उस्तादांकडून मागून आणलेल्या गाडीवर मागं मागं होतो. मोठ्या रस्त्यावर तिचा पदर डोक्यावरून उडून खांद्यावर आला तरी तिनं हँडलवरचा हात काढला नाही.

बाजाराच्या तोंडाला खरंच एक पोलीस उभा होता आणि त्याच्या हातात खरंच पत्रक होतं. आप्पांनी दिलेलं की नानांनी, कोण जाणे. नाना तिथंच दहा पावलांवर वाटत उभे होते. पोलिसानं आत्याला हात दाखवला. चिमट्याकडं वाकून बघितलं, नव्या टीवर बोट फिरवलं.

"मावशी, हे कुनी केलं?"

"भाच्यानं."

"बदललेलं दिसतंय." त्यानं नानांना हाक मारली. बाजारात त्यांना सगळे ओळखतात. "नाना, ही गाडी तुमच्या कागदात बसती का?"

नानांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा बहिणीकडं.

"बसती," ते म्हणाले.

आत्यानं तोंड फिरवलं.

"मग लावू का कडंला?" पोलिसानं विचारलं.

"लावा. पन रांगेनं लावा. कागदावर सुरवातीलाच काय लिवलंय बघा. वाढदिवसाची मिरवनूक, लांब चिमट्याची बुलेट, केळीवाल्याचा पाय. ती गाडी आप्पांच्या दारात उभी हाय, रोज गावात फिरती. आदी ती आना. ती जवा हितं लागंल, तवा ही मी सोता ढकलत आनतो."

पोलिसानं पत्रक पहिल्यापासून वाचलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग घडी घातली, आत्याकडं बघितलं, पाळण्यातल्या बोकडानं त्याच्या कागदाला तोंड लावलं ते सोडवून घेतलं आणि म्हणाला, "जा मावशी. मागं टेम्पोची रांग लागलीय."

बाजारात आत्याच्या बोकडांभोवती गिऱ्हाईक जमलं. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. व्यापारी रुमालाखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा कळवतो, म्हणजे शेजारच्याला कळू नये. एकानं सवयीनं रुमाल पुढं केला आणि समोर बाई बघून हात मागं घेतला. आत्या म्हणाली, "तोंडानं बोला. ऐकू द्या की सगळ्यास्नी." तो ओशाळला, पण बोलला. मग दुसरा त्याच्यावर बोलला. आप्पा दारात सांगायचे त्या भावाच्या जवळपाससुद्धा कुणी आलं नाही, सगळे वरूनच सुरू झाले. आप्पा दावणीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. रुमाल त्यांच्या खांद्यावरच राहिला.

दुपारी परत निघालो तेव्हा पाळणा रिकामा झाला होता, आणि पाटा घरी. आत्यानं बाजारातून बाहेर पडतानाच एका डाव्या वळणावर चाक उचललेलं बघितलं आणि गाडी थांबवली. समोर स्टँडवर नाना उभे होते. एसटी भरून गेली होती, पुढची कधी येईल याचा नेम नव्हता.

"बस," आत्या म्हणाली.

"आक्का, त्या गाडीत मी बसनार न्हाई. पोराच्या मागं बसतो. सकाळीच काय बोललोय मी."

"मग तुझ्या वजनाचे दगड हुडक. पाळणा उचलतोय."

नानांनी एसटीच्या रस्त्याकडं एकदा बघितलं. मग पत्रकांची पिशवी पोटाशी धरून पाळण्यात उतरले. बोकडांनी टाकलेल्या पाल्यावर, गुडघे छातीशी घेऊन. आत्यानं त्यांना शिकवलं, "डावं वळण आलं की मी सांगीन. तवा भायेरच्या अंगाला झुकायचं. उशीर करायचा न्हाई."

ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढं वाकायचं नाही म्हणून कागद काळे केले, तो त्या सगळ्या रस्त्यानं बहिणीच्या हुकमावर वाकत आला. मी मागून बघत होतो. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. सकाळचं 'बसती' अजून कानात होतं.

आप्पा टेम्पोनं आमच्या आधी पोचून पारावर बसले होते. मारुतीचं वळण आलं. आत्या म्हणाली, "झुक." नाना पाळण्याच्या फळीवरून अर्धे बाहेर झुकले, टोपी हातात धरून. तिसरं चाक जमिनीला घट्ट राहिलं आणि गाडी वळली, जशी वळायला पाहिजे तशी.

"काय नाना," आप्पा पारावरून म्हणाले, "तुमच्याच कागदातली गाडी हाय न्हव ती?"

नाना झुकलेले होते, त्यांना लगेच बोलता आलं नाही. सरळ झाल्यावर टोपी घातली आणि मागं वळून म्हणाले, "हाय. पुतन्याची कडंला लागली की कळवा. मग हीबी लावतो."

पुतण्याची गाडी अजून कडंला लागलेली नाही. यंदाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आप्पांच्या शेजारी तिचा फोटो आहे, आणि केळीवाला बॅनरखालीच गाडा लावतो, पाय ओढत. नानांनी पत्रक पुन्हा छापलं. मी सांगितलं होतं, जाड वाक्य बदला, आत्याला त्यातून काढा. त्यांनी एक अक्षर हलवलं नाही. म्हणाले, तुला पटत न्हाई तर तू तुझं छाप. ते मी छापणार आहे. त्यात लिहिणार आहे की नियम कुणाच्या खिशात राहतो तेही नियमाइतकंच बघावं लागतं. नाना ते वाचून वाद घालतील, हे मला माहीत आहे.

बाजाराच्या दिवशी मात्र ते आत्याबरोबर जातात. जाताना बोकडांमध्ये उभे, येताना एकटे पाळण्यात. पत्रकं उरली तर आत्या कुरकुरत नाही. वजन लागतंच, म्हणते.